देवयानी दीर्घिकेचा फोटो नाशिकहून: पंचांगापासून प्रोसेसिंगपर्यंत

आकाशाचे फोटो काढायचेत, कुठली दुर्बीण घेऊ, असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या कपाटात एक डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आधीच पडून असतो. कुणीतरी हौसेनं घेतलेला, बारशाला आणि महाबळेश्वरला वापरलेला आणि मग फोन चांगला निघाला म्हणून विसरलेला. तो बाहेर काढा आणि दुर्बिणीचा विचार वर्षभर बाजूला ठेवा. कॅमेरा, एक बरी ५० मिलिमीटरची लेन्स, न हलणारा ट्रायपॉड आणि नाशिकपासून तास-दीड तासावरचा अंधार एवढ्यावर २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेल्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, फोटो निघतो, तिच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांसकट. हाताशी जे पैसे असतील ते आधी पेट्रोलवर घालवा.

हा लेख ज्यांना कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड कुठे असतो एवढं माहीत आहे त्यांच्यासाठी आहे. बाकी सगळं पहिल्यापासून सांगतो.

रात्र कुठली?

नव्वद टक्के यश इथेच ठरतं. लोक लेन्सवर चार महिने चर्चा करतात आणि अष्टमीच्या चांदण्यात जाऊन बसतात.

नाशिकमध्ये आकाशाचं वर्ष साधारण असं चालतं. जून ते सप्टेंबर ढगांचे. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की हवा धुतलेली असते, धूळ बसलेली असते आणि रात्री अजून बोचऱ्या झालेल्या नसतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा देवयानीचा मोसम. नोव्हेंबरच्या मध्याला ती रात्री साडेनऊच्या सुमारास सगळ्यात उंच येते, डिसेंबरच्या मध्याला साडेसात-पावणेआठलाच. नाशिकचा अक्षांश २० अंश आणि देवयानी खगोलीय विषुववृत्ताच्या ४१ अंश उत्तरेला, म्हणून ती आपल्या उत्तर क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर चढते. एवढ्या उंचीवर हवेचा थर पातळ आणि शहराचा उजेडही कमी. जानेवारी-फेब्रुवारी मृग नक्षत्राचे, त्यातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग, नवशिक्यालाही हमखास मिळतो. आणि आकाशगंगेचा तो सगळ्यांना हवा असलेला जाड, ढगाळ पट्टा, म्हणजे धनु-वृश्चिकाकडचा तिचा गाभा, फेब्रुवारीत पहाटे, मार्चमध्ये रात्री अडीच-तीनला, एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर आणि मेमध्ये अकराच्या पुढे फोटोजोगा वर येतो.

आता चंद्र. यासाठी अ‍ॅप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ढोबळमानानं रात्री नऊच्या आसपास. पुढे दर रात्री तो साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर तिसऱ्या दिवशी चंद्र साडेअकरा-बाराला येणार, आणि संध्याकाळी साडेसातपासून तोवर आकाश तुमचं. देवयानीसाठी म्हणून कृष्ण सप्तमी ते शुक्ल तृतीया हा काळ धरायचा. पहाटेच्या आकाशगंगेचं गणित याच्या उलट आहे. तिथे चंद्र मावळलेला हवा, म्हणून कृष्ण त्रयोदशीपासून शुक्ल नवमीपर्यंतच्या रात्री चालतात. शुक्ल सप्तमीला संध्याकाळी डोक्यावर चांगला अर्धा चंद्र बघून लोक बेत रद्द करतात, पण तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पुढे पहाटेपर्यंत मिट्ट अंधार असतो.

दिवाळीची अमावस्या सोडून द्या. फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवस खाली बसून राहतो. त्यापुढची कार्तिक अमावस्या वर्षातली माझ्या मते सगळ्यात चांगली.

हवेचंही नाशिकचं म्हणून एक वैशिष्ट्य आहे. थंडीची लाट आली, निफाडचा पारा खाली गेला की द्राक्षबागा वाचवायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. निफाड-दिंडोरी पट्ट्यात त्या पहाटे धुराचा थर जमिनीलगत पसरतो. बागाईतदाराची ती गरज आहे, तक्रार करायचं कारण नाही, तुम्ही फक्त तिथे जाऊ नका. याउलट अवकाळी पाऊस पडून गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र हातची सोडू नका. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारा तो पाऊस हवेतली धूळ मात्र पार खाली बसवतो.

जागा: शहर पाठीशी ठेवा

नियम एकच. ज्या दिशेचा फोटो घ्यायचा, त्याच दिशेला शहरातून बाहेर पडा. देवयानी उत्तरेला, म्हणून नाशिकच्या उत्तरेला किंवा वायव्येला जा: पेठकडे, वणीच्या पुढे कळवणकडे, वेळ असेल तर सुरगाण्याकडे. मग नाशिक, सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींचा उजेड दक्षिणेला, तुमच्या पाठीमागे राहतो. आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला, तेव्हा घोटीवरून भंडारदरा-घाटघरकडे उतरलेलं बरं. मुंबई-ठाण्याचा लालसर उजेड तिथेही नैर्ऋत्येला दिसतो, तो टाळता येत नाही. गाभा आग्नेयेकडून वर येत असतानाच फोटो उरकले की हा उजेड चौकटीत येत नाही.

अंजनेरी आणि त्र्यंबकेश्वर जवळ आहेत, सरावाला उत्तम, पण पूर्वेला शहराची झळाळी राहते. गंगापूर धरणाचा काठ रम्य असला तरी फोटोला वाईट: शहर जवळ, आणि पाण्याकाठी मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं. वैतरणा-मुकणेच्या पाण्याकाठीही दवाचा हाच त्रास. उतारावरची, थोडी उंचावरची मोकळी जागा बघा. सप्तशृंगी गडावर मंदिर आणि वाटेचे दिवे असतात, त्यापेक्षा पायथ्यापासून दूरचं एखादं पठार बरं. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळचे खांब मैलभर लांबूनही फोटोत घुसतात, हेही नकाशावर आधी पाहून ठेवा.

जागा पुरेशी अंधारी आहे का, हे डोळ्यांनी तपासता येतं. वीस मिनिटं फोनकडे न बघता थांबा. मग कृत्तिकेतल्या चांदण्या मोजा. सहा स्पष्ट दिसल्या तर काम चालेल. देवयानी नुसत्या डोळ्यांनी, जरा तिरकं पाहिल्यावर धूसर दिसली, तर तंबू इथेच ठोका.

दिवसा एकदा येऊन जागा बघून जाणं आणि शेताच्या मालकाला विचारणं यात कंटाळा करू नका. गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री दोनला माळावर कपाळाला लाल दिवा लावून बसलेली चार अनोळखी माणसं पाहून गाव जागं झालं तर चूक गावाची नसते. उसाच्या फडाजवळ बसायचं नाही. सिन्नर, निफाड, दिंडोरी या भागांत बिबट्या ही गप्पांतली गोष्ट नाही, उसात त्यांची पिल्लं वाढतात. कमीत कमी तिघं जण, गाडी जवळ, अधूनमधून बोलणं चालू. किल्ल्यावर जायचं असेल तर रात्री थांबायला परवानगी आहे का हे वनविभागाला विचारा. देवळालीच्या आसपास लष्करी हद्द आहे, तिथे ट्रायपॉड उघडूसुद्धा नका. आणि तारे दाखवायला आणलेला हिरवा लेझर विमानाच्या आसपास कधीही फिरवू नका, ओझरचा विमानतळ जवळ आहे.

सामान

यावर थोडक्यात. कॅमेरा कुठलाही, फक्त रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल साठवणारा हवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. देवयानीच्या कडा आकाशाच्या पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम उजळ असतात, त्या या बारीक पायऱ्यांतच सापडतात. लेन्स ५० मिलिमीटर, एफ १.८ असेल तर सोनं. ही बहुतेक कंपन्यांची सगळ्यात स्वस्त लेन्स असते आणि या कामात किटबरोबर आलेल्या झूमला सहज मागे टाकते. ट्रायपॉड जड घ्या, मधला दांडा वर काढू नका आणि त्याला खाली पिशवी लटकवा. इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे एकामागून एक फोटो आपोआप काढणारी वायर, कॅमेऱ्यातच ती सोय नसेल तर विकत घ्या. जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. सहाशे रॉ फाइली म्हणजे जवळपास १५ जीबी, तेव्हा ३२ जीबीचं रिकामं कार्ड. लाल दिवा, सतरंजी, कानटोपी, चहा.

फोनवाल्यांनी निराश होऊ नये. प्रो मोड आणि रॉ असलेला फोन ट्रायपॉडवर लावून आकाशगंगा येते. देवयानी मात्र ठिपकाच राहते.

फोकस

या एका पायरीला पंधरा मिनिटं द्या. ऑटोफोकस बंद. लेन्सवरची स्थिरतेची सोय बंद. कॅमेऱ्यातली लांब एक्स्पोजरची (शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यावरची) नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणारी सोयही बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आणखी घेईल. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट चित्र) सुरू करून एखादा ठळक तारा चौकटीच्या मधोमध आणा. नोव्हेंबरच्या संध्याकाळी पश्चिमेला अभिजित असतो, पुढे रात्री ब्रह्महृदय किंवा रोहिणी. पडद्यावर दहापट मोठं करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, बहुतेक लेन्स त्याच्या जरा पलीकडे फिरतात.

आता फोकसची कडी अगदी हळू फिरवा. तारा आधी मोठा, फिकट गोळा दिसेल, मग लहान होत जाईल आणि एका जागी टोकदार होईल. तिथे थांबू नका, मुद्दाम पुढे जा, तो पुन्हा फुगू द्या, मग परत या. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मधली जागा कळत नाही. फार जवळ आलात की ताऱ्याच्या कडेला कधी जांभळी, कधी हिरवट झाक दिसते. या दोन झाकांच्या मधला बिंदू तुमचा. आणखी एक खूण: फोकस बरोबर असेल तेव्हाच ठळक ताऱ्याच्या शेजारचे बारीक तारे लाइव्ह व्ह्यूमध्ये उगवतात. जमलं की कडीवर कागदी चिकटपट्टी लावून ती पक्की करा. तासाभरानं तापमान उतरलं की पुन्हा तपासा, थंडीत लेन्स आकसते.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवू नका. एफ १.८ च्या लेन्सवर एफ २.५ किंवा २.८ ठेवलं की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना फुटणारे पंख आवरतात.

पहिला सराव आकाशगंगेवर

रुंद लेन्सवर हात बसवणं सोपं असतं, म्हणून मोसम असेल तर आधी आकाशगंगा घ्या. पृथ्वी फिरते त्यामुळे एक्स्पोजर लांबलं की तारे रेघा होतात. जुना हिशेब असा: ५०० ला लेन्सच्या लांबीनं भागा, आणि सेन्सर लहान असेल तर आलेल्या आकड्याला पुन्हा दीडनं. १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद येतात. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा आकडा सैल आहे, १२ सेकंदांवर थांबा. आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, असे वीस फोटो एकाच चौकटीचे.

नाशिकला आकाशगंगेचं केंद्र दक्षिण क्षितिजापासून ४१ अंश वर येतं. युरोपातल्या हौशी लोकांना ते क्षितिजाच्या धुक्यात चाचपावं लागतं, आपल्याला ते आयतं मिळतं. फोटोत ज्येष्ठा आणि मूळ नक्षत्र ओळखा, मग धनूच्या दिशेनं सरका. तिथे पट्ट्यात काही गुलाबीसर ठिपके दिसतील, ते तेजोमेघ. त्यांतला एक, धनूच्या उत्तरेला सर्प तारकासमूहातला, म्हणजे एम १६ (मेसियरच्या यादीतला सोळावा). हबल दुर्बिणीनं १९९५ मध्ये आणि जेम्स वेबनं २०२२ मध्ये ज्या ‘सृष्टीच्या स्तंभां’चे फोटो घेतले, ते याच ठिपक्याच्या पोटात आहेत, सुमारे ६५०० प्रकाशवर्षं दूर. तुमच्या फोटोत तो गुलाबी न दिसता फिकट दिसला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक फिल्टर असतो, तो हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो.

देवयानी

आता मुख्य काम. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. नोव्हेंबरात नऊच्या सुमारास ध्रुवतारा समोर, क्षितिजापासून २० अंशांवर. त्याच्या वर शर्मिष्ठा तारकासमूहातल्या पाच तारकांचा इंग्रजी एम. एमची दोन शिखरं पाहा, एक पसरट, एक टोकदार. टोकदार शिखर बाण समजून वर, जवळपास डोक्याकडे जा. दुसऱ्या बाजूनं यायचं तर भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा उत्तरा भाद्रपदेचा. तिथून ईशान्येला दोन ठळक तारे मोजत जा, दुसऱ्या ताऱ्यापाशी शर्मिष्ठेकडे काटकोनात वळा, दोन मंद तारे ओलांडा, आणि त्या दुसऱ्या मंद ताऱ्याच्या बाजूलाच ती आहे. दोन्ही वाटा एकाच जागी येत असतील तर बरोबर.

५० मिलिमीटर, एफ २.५, आयएसओ १६००, ३ सेकंद. एवढं कमी का, असं वाटेल. ट्रायपॉड स्थिर आहे आणि आकाश फिरतंय, म्हणून. तीन सेकंदांत या लेन्सवर देवयानी साधारण दोन पिक्सेल सरकते, ते खपतं. पहिला फोटो मोठा करून पाहा: काचेवर बोट घासल्यासारखा एक पुसट अंडाकृती डाग मधोमध असायला हवा. नसेल तर दिशा चुकली, असेल तर इंटरव्हॅलोमीटर सुरू करा. तीनशे फोटो, म्हणजे पंधरा मिनिटांचा प्रकाश, ही किमान मजुरी. सहाशे घेतले तर फरक दिसतो.

इतके कशाला, तर प्रत्येक फोटोत दीर्घिकेचा प्रकाश तोच असतो पण नॉइज दर वेळी वेगळी पडते. फोटो एकावर एक रचून सरासरी काढली की प्रकाश टिकतो आणि नॉइज संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटते. शंभर फोटोंनी दहापट, चारशेंनी वीसपट. म्हणजे दुप्पट सुधारणेला चौपट फोटो लागतात. कुठे थांबायचं हे चहाच्या थर्मासवर ठरतं.

पंधरा-वीस मिनिटांनी देवयानी चौकटीत सरकलेली असेल, कॅमेरा हलवून पुन्हा मध्यावर आणा. जरा वेगळ्या कोनात बसली तरी चालतं, सॉफ्टवेअर ताऱ्यांवरून जुळवून घेतं. कॅमेरा डोक्याकडे रोखलेला असल्यामुळे मान मोडते, म्हणून ती सतरंजी. दर अर्ध्या तासाला लेन्सच्या काचेवर लाल दिवा तिरका मारून दव पाहा. आलं तर पुसू नका, गरम पाण्याची छोटी बाटली लेन्सच्या कडेला धरा.

निघण्यापूर्वी तीन प्रकारचे फोटो आणखी हवेत, आणि हेच लोक गाळतात. लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओला, त्याच तीन सेकंदांचे तीस: हे डार्क. झाकण तसंच ठेवून सगळ्यात वेगवान शटरनं तीस: हे बायस. मग लेन्सवर पांढरा रुमाल ताणून, फोकस आणि अ‍ॅपर्चरला हात न लावता, फोन किंवा टॅबच्या पांढऱ्या पडद्यासमोर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर तीस: हे फ्लॅट. सेन्सरवरची धूळ आणि कडांचा काळोख फ्लॅटमुळे जातो. घरी जाऊन करू म्हटलं आणि लेन्स काढली की फ्लॅट वाया गेले.

घरी, संगणकापाशी

सिरिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एका फोल्डरमध्ये चार उपफोल्डर करा: लाइट्स (देवयानीचे मुख्य फोटो), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि अनेकवचनी, कारण तयार स्क्रिप्ट हीच नावं शोधते. फाइली टाका, तो फोल्डर सिरिलला दाखवा आणि रंगीत कॅमेऱ्यासाठीची प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. सहाशे फाइलींना जुन्या लॅपटॉपवर तास-दोन तास लागतील आणि डिस्कवर बरीच मोकळी जागा लागेल. फोटोंमध्ये जमीन किंवा झाडही हवं असेल, तर आकाशगंगेसाठी विंडोजवरचं सिक्वेटर सोपं पडतं. ते आकाश जुळवताना जमीन गोठवून ठेवतं.

निकाल उघडल्यावर पडदा काळा दिसेल. घाबरू नका. सगळा माल हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या कोपऱ्यात दाबून बसलेला आहे. खालच्या पट्टीत ऑटोस्ट्रेच निवडा: ही फक्त बघण्याची सोय आहे, फाइल तशीच राहते. आता पुढच्या पायऱ्या याच क्रमानं.

आधी कडा कापा, जिथे सगळे फोटो एकमेकांवर आलेले नाहीत. मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन: शहराच्या दिशेचा जो पिवळट उतार फोटोत चढलाय तो यात वजा होतो. नमुन्याचे चौकोन दीर्घिकेवर पडलेले असतील तर ते हातानं काढून टाका, नाहीतर तिच्या फिकट कडा उजेड समजून खाल्ल्या जातील. देवयानी आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे पौर्णिमेच्या सहा चंद्रांएवढी रुंद. दिसते त्यापेक्षा बरीच जास्त जागा तिच्यासाठी मोकळी सोडा.

त्यानंतर प्लेट सॉल्व्हिंग आणि फोटोमेट्रिक रंगजुळणी. फोटोतले तारे सिरिल ताऱ्यांच्या यादीशी ताडतं आणि त्यांच्या मोजलेल्या रंगांवरून तुमचा पांढरा रंग ठरवतं. तुमच्या आवडीला इथे वाव नाही, आणि म्हणूनच ही पायरी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मग ऑटोस्ट्रेच बंद करून खरा स्ट्रेच, म्हणजे दबलेला उजेड वर खेचणं, हिस्टोग्रामच्या साधनानं, एकदम नाही, तीन-चार टप्प्यांत. गाभा पांढराफटक होऊ लागला की थांबा. शेवटी थोडा सॅच्युरेशन, थोडं डीनॉइज.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका शोधा. गाभ्याजवळ जरा फुगीर ताऱ्यासारखा ठिपका दिसतो तो एम ३२. दुसऱ्या बाजूला, थोडी दूर, फिकट अंडाकृती एम ११०. एम ३२ सगळ्यांना मिळते. एम ११० मिळाली तर जागा, फोकस आणि संयम तिन्ही बरोबर होते. गाभा पिवळसर आणि कडेचा भाग निळसर हवा, कारण मध्यात म्हातारे तारे जास्त आणि बाहेरच्या भुजांत तरुण.

रंग किती खरे?

हा वाद प्रत्येक फोटोखाली होतो. वेबचे फोटो अवरक्त प्रकाशातले, ०.६ ते सुमारे २८ मायक्रॉनमधले. यातला बहुतेक भाग डोळ्याला दिसतच नाही. तिथे कमी तरंगलांबीला निळा आणि जास्त तरंगलांबीला लाल नेमून देतात. हबलच्या १९९५ च्या स्तंभांत गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. ही फसवणूक नव्हे, कुठला वायू कुठे आहे ते वेगळं काढून दाखवायची रीत आहे, आणि ती जाहीर सांगितलेली असते. तुम्हीही एवढंच करा. किती फोटो, किती सेकंद, कुठून, काय प्रक्रिया, हे फोटोबरोबर लिहा. फोनमधली काही अ‍ॅप मात्र नसलेले बारकावे स्वतःच भरून देतात, त्यांना मी फोटो म्हणत नाही.

आणि जे लाखो वेळा टिपलं गेलंय त्यात नवं काय सापडणार, असं वाटत असेल तर देवयानीचाच इतिहास पाहा. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून काचेच्या पट्टीवर तिचा फोटो घेतला. त्यातल्या एका ठिपक्याला आधी नवतारा (अचानक उजळणारा तारा) समजून त्यांनी खूण केली होती. मग ती खोडून तिथे लाल शाईत बदलता तारा अशा अर्थाचं लिहिलं. त्या ताऱ्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर निघालं आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे ठरलं. त्यानंतर जवळजवळ शतकानं, २०२२ मध्ये, काही हौशी छायाचित्रकारांनी १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून ऑक्सिजनच्या फिल्टरनं कित्येक तास प्रकाश जमवला, आणि तिच्या शेजारी कुणाच्याही नोंदीत नसलेली प्रचंड वायूची कमान निघाली. जानेवारी २०२३ मध्ये ती शोधनिबंधातून जाहीर झाली. एवढी वर्षं तिथे कुणी त्या फिल्टरनं इतका वेळ पाहिलंच नव्हतं.

नाशिककरांसाठी एक लांबचं काम

गुरू सिंह राशीत आला की आपला सिंहस्थ. २०२६-२७ मध्ये तो योग आहे आणि गोदाघाटावर कोट्यवधी लोक येतील. त्याच काळात वर आकाशात नेमकं काय चाललंय याची मालिका याच ५० मिलिमीटर लेन्सवर करता येते. हे काम शहरातल्या गच्चीवरूनही होतं, कारण गुरू आणि सिंह राशीतला मघा तारा दोन्ही ठळक आहेत.

नोव्हेंबर २०२६ पासून दर पंधरा दिवसांनी सिंहाचा विळा (मघेपासून वर वळलेली तारकांची रांग) आणि गुरू एका चौकटीत घ्या. सुरुवातीला मध्यरात्रीनंतर उठावं लागेल. डिसेंबरच्या मध्याला गुरू मघेपासून तीनेक अंशांवर येऊन थबकेल आणि वक्री होईल, मागे सरकू लागेल. फेब्रुवारी २०२७ मध्ये तो सूर्याच्या समोर, रात्रभर आकाशात आणि सगळ्यात तेजस्वी. एप्रिलच्या मध्याला पुन्हा थांबून मार्गी होईल. तोवर मघेपासून तेरा-चौदा अंश मागे गेलेला असेल. २ सेकंद, एफ ४, आयएसओ ८०० पुरे. सगळे फोटो सिरिलमध्ये मघेवर जुळवून एकावर एक ठेवले की गुरूची मागे वळलेली वाट एका चित्रात येते. दोनशे-अडीचशे मिलिमीटरची लेन्स असेल तर त्याच रात्री अर्ध्या सेकंदाचा एक वेगळा फोटो घ्या, गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिलेले चार चंद्र ठिपक्यांसारखे येतात.

फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला, कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी ताडून घ्या. मघेला ओलांडून गुरू पुढे जाईल तो जुलै २०२७ मध्ये, तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणून मालिकेतला शेवटचा फोटो जूनच्या पहिल्या आठवड्यात, अंधार पडल्या पडल्या पश्चिमेला, पाऊस यायच्या आत घ्या.